थोरलीची नोंद

शब्दकोशाच्या कचेरीत एक नियम होता, आणि त्या नियमाला कंटाळून आजवर चार जण नोकरी सोडून गेले होते. नियम असा: साक्षीशिवाय अर्थ छापायचा नाही. इंग्रजी शब्दाचा जो काही मराठी अर्थ द्यायचा, तो कुणीतरी जित्याजागत्या माणसाने आपल्या कामाच्या ओघात वापरलेला असला पाहिजे. ते वाक्य गुलाबी चिठ्ठीवर उतरवायचं, खाली बोलणाऱ्याचं काम, जागा, तारीख आणि त्याची सही घ्यायची. विचारताना शब्द सुचवायचा नाही. वस्तूकडे बोट दाखवायचं आणि गप्प बसायचं. शिवाय घरचा माणूस साक्षीदार म्हणून चालत नाही. हे शेवटचं कलम मागाहून आलं, कारण एका उपसंपादकाने आपल्या बायकोला चाळीस अर्थांची साक्षीदार करून टाकलं होतं आणि त्या माउलीला त्यातला एकही ठाऊक नव्हता.

चिमाला मात्र हा नियम पहिल्याच दिवशी आवडला. चिमा हे तिचं घरचं नाव. कचेरीत तिला सगळे ‘प्रयोगशाळा’ म्हणत. रसायनशास्त्राची पदवी घेऊन ती शब्दकोशात आली होती. ‘प्रयोगशाळा, दार लोटून घे,’ ‘प्रयोगशाळा, चहा घेणार का?’ असं दिवसभर चालायचं आणि ती हसून ओ द्यायची. जे पाहिलं नाही ते लिहायचं नाही, ही सवय तिला काचनळ्यांनी लावली होती. इथे काचनळ्यांच्या जागी चिठ्ठ्या होत्या, एवढाच काय तो फरक.

सहा महिने तिने दुसऱ्यांच्या नोंदींना शास्त्रीय ठिगळं लावली. मग मुख्य संपादकांनी तिच्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. वर लिहिलं होतं: सॅक्रिफाइस.

‘‘ही अख्खी तुझी,’’ ते म्हणाले. ‘‘गुरुवारच्या बैठकीत वाचायची. शुक्रवारी नमुन्याचा खंड छापायला जातोय. पास झाली तर खाली तुझी अक्षरं.’’

नोंदीखाली बारीक टाइपात ती करणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरं छापायची, हा तिथला मान होता. पगारवाढ मिळाली तरी कुणी इतकं खूश व्हायचं नाही.

चिमाने पाकीट उघडलं. आत साठ वर्षांपूर्वीची एक ओळ होती: ‘त्याग, बलिदान.’ बस्स. ती शब्दाच्या मुळाशी गेली. लॅटिनमधले दोन तुकडे, एक ‘पवित्र’ आणि दुसरा ‘करणे’. तिने दोनदा तपासलं. पवित्र करणे. गमावणं, सोडणं, दुःख सोसणं, यातलं काहीही त्या मुळात नव्हतं. वेदीवर ठेवलेली वस्तू देवाची झाली, एवढाच अर्थ. ती आपल्या हातून गेली, ही पुढची गोष्ट. मग शतकं लोटली, वेदी मागे पडली आणि गेल्याची हळहळ तेवढी शिल्लक राहिली.

मराठीतही तीच तऱ्हा होती. आहुती अग्नीतून आली, बळी वेदीवरून आला. एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडलं’ असं आपण सहज म्हणतो, ते दान देताना हातावरून सोडायच्या पाण्यावरून आलंय, हे बोलणाऱ्याच्या गावीही नसतं. चिमाला हे सगळं फार गमतीचं वाटलं. तिने अर्थ मांडले. पहिला पूजेतला. दुसरा मोठ्या हेतूसाठी काही सोडण्याचा. तिसरा बुद्धिबळातला, त्याची साक्ष क्लबातल्या एका म्हाताऱ्याने दिली: ‘घोडा खाऊ दिला आणि वजीर लाटला.’ चौथा दुकानदाराचा, तोट्यात माल काढण्याचा. पाचवा प्रयोगशाळेतला. तिथे उंदीर मारला असं लिहीत नाहीत, सॅक्रिफाइस केला असं लिहितात. कॉलेजातल्या प्राणिगृहाच्या शिपायाने मात्र सरळ सांगितलं, ‘‘उंदीर संपवले, बाई. आणखी काय म्हणायचं त्याला?’’

राहिला सहावा. तो चिमाच्या जिव्हाळ्याचा होता. समुद्राचं खारं पाणी जहाजाचं पोलाद खातं. म्हणून पोलादाच्या तळाला जागोजागी जस्ताच्या जाड वड्या बसवतात. जस्त पोलादापेक्षा लवकर झिजतं, आणि दोघं एकमेकांना धातूने जोडलेले असले की पाण्याची सगळी भूक ते आपल्यावर ओढून घेतं. वडी झिजते, जहाज टिकतं. इंग्रजीत त्या वडीला सॅक्रिफिशियल ॲनोड म्हणतात, म्हणजे नावातच सॅक्रिफाइस आहे. आणि चिमाचे बाबा सुक्या गोदीत अठ्ठावीस वर्षं फिटर होते. सुकी गोदी म्हणजे जहाज आत घेऊन पाणी उपसून टाकायचं आणि उघड्या तळाखाली शिरून दुरुस्ती करायची ती जागा. त्या वड्या बसवण्यातच त्यांची हयात गेली होती.

सोमवारी उपसंपादक नानांनी तिचा कच्चा खर्डा वाचला. नाना व्याकरणाचे पक्के आणि जिभेचे तिखट.

‘‘पाच ठीक आहेत,’’ ते म्हणाले. ‘‘सहावा काढ. लोक हा शब्द उघडतील ते त्याग बघायला. जस्त बघायला नाही.’’

‘‘पण नाना, वापर आहे ना तसा.’’

‘‘इंग्रजीत आहे. मराठीत काय म्हणतात? तूच लिहिलंयस, ‘त्यागी धनाग्र’. आयुष्यात कुणाच्या तोंडून ऐकलंयस हे? एखादा साधू समाधीला बसलाय असं वाटतं.’’

बाकीचे हसले. चिमालाही हसू आलं, कारण खरंच तसं वाटत होतं.

मुख्य संपादक हसले नाहीत. ‘‘गुरुवारपर्यंत साक्ष आण,’’ ते म्हणाले. ‘‘आणलीस तर सहावा राहील. नाही तर पाचवर थांबू, आणि मग नोंद जुनीच, थोडी वाढवलेली. जुन्या नोंदीखाली नवी अक्षरं पडत नाहीत, ठाऊक आहे ना?’’

ठाऊक होतं.

संध्याकाळी घरी आत्या टेबलावर चादरींच्या घड्या घालत बसली होती. आत्या बाबांची थोरली बहीण. चिमाची आई गेली त्याला वीस वर्षं झाली, तेव्हापासून आत्याच घराचं सुकाणू धरून होती. खरं तर त्याच्याही आधीपासून. हॉस्पिटलच्या धुलाईघरात तिने तेहेतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अकरा प्रमुख म्हणून. चादरीची घडी अजून ती अशी घालायची की चारी कोपरे एकावर एक, सुईच्या टोकाचाही फरक नाही. लग्न केलं नाही. शेजारच्या काकू कुणी पाहुणं आलं की डोळे ओले करून सांगायच्या, ‘‘भावंडांसाठी केवढा त्याग केला हो हिने!’’ आणि आत्या खिडकी आपटून बंद करायची.

‘‘त्याग म्हणे!’’ ती आजही तणतणली. ‘‘जसं काही मी कोपऱ्यात बसून रडत होते. अडीचशे चादरी तासाला काढत होते मी. डॉक्टर लोक मला विचारून ऑपरेशनच्या वेळा ठरवायचे. हिला कोण सांगणार?’’

बाबा वर्तमानपत्रामागे होते. चिमाने विचारलं, ‘‘बाबा, गोदीत त्या जस्ताच्या वडीला काय म्हणायचात तुम्ही?’’

वर्तमानपत्र जरा हललं. ‘‘जस्त.’’

‘‘नुसतं जस्त? मिस्त्री-कामगार काही वेगळं म्हणत असतील ना? साक्ष म्हणून नाही हो, घरची चालत नाही. मला नुसतं कुठे शोधायचं ते कळू दे.’’

‘‘गोदीतलं बोलणं गोदीत. घरात कशाला?’’ बाबांनी आत्याकडे चोरून पाहिलं आणि पुन्हा वर्तमानपत्रात तोंड घातलं. नळ दुरुस्त करायलासुद्धा आधी पान्याने टकटक करून कान लावणारा हा माणूस, साध्या प्रश्नाला बिचकतो कसा? चिमाच्या मनाने ही गोष्ट टिपून ठेवली.

बुधवारी ती गोदीत गेली. जहाज लाकडी ठोकळ्यांवर उभं होतं, तीन मजली इमारतीएवढं, आणि त्याच्या पोटाखाली माणसं मुंग्यांसारखी फिरत होती. ओल्या शेवाळाचा आणि ताज्या रंगाचा वास एकत्र येत होता. टोळीच्या मुकादमाला सगळे ‘भोंगा’ म्हणत, आणि त्याने तोंड उघडताच का ते कळत होतं.

‘‘ऑफिसातल्या साहेबांचं पत्र-बित्र आणलंय का?’’ त्याने विचारलं.

‘‘नाही. मी शब्दकोशातून आले आहे,’’ चिमा म्हणाली. बाबांचं नाव तिने मुद्दामच काढलं नाही. साक्षीवर सावली नको. तिने सुकाणूजवळच्या एका करड्या वडीकडे बोट दाखवलं आणि नियमाप्रमाणे गप्प उभी राहिली.

भोंग्याने वडीकडे पाहिलं. मग चिमाकडे पाहिलं. मग पुन्हा वडीकडे. ‘‘काय?’’

चिमा गप्प.

‘‘पडलीय का? नाही. सैल आहे? नाही.’’ तोही गप्प झाला. दोघं मिनिटभर त्या वडीसमोर उभे होते, दर्शनाला आल्यासारखे. ‘‘जस्त आहे ते,’’ तो शेवटी म्हणाला, एखाद्या आजारी माणसाशी बोलावं तसं.

चिमाने वहीत ‘जस्त’ लिहिलं आणि तिचं मन खट्टू झालं. जस्त तर काय, बादलीलाही असतं. तेवढ्यात भोंग्याची नजर तिच्या खांद्यावरून पलीकडे गेली आणि गोदी दणाणली.

‘‘अरे ए! थोरलीला रंग लावू नको! कितीदा सांगायचं? थोरलीवर ब्रश टेकलास तर बघ!’’

शिडीवरचा रंगारी दचकला आणि ब्रश मागे घेऊन बाजूची वडी फडक्याने पुसू लागला. चिमाची पेन्सिल आपोआप चालू लागली होती.

‘‘थोरली म्हणजे कोण?’’ तिने विचारलं. हा प्रश्न नियमात बसत होता. शब्द त्याचाच होता.

‘‘हीच की! एवढा वेळ तुम्ही बोट दाखवत होतात ती. आम्ही सगळे थोरलीच म्हणतो. जस्त म्हणायचं ते बाहेरच्यांसमोर.’’ भोंगा आता रंगात आला. ‘‘नवा माणूस हटकून ही चूक करतो. सगळं जहाज रंगवतो आणि तिच्यावरही हात मारतो, चांगली दिसावी म्हणून. मागे एकाने सहाच्या सहा रंगवल्या. कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षाने जहाज परत आलं तर थोरल्या अगदी कोऱ्या करकरीत! पाहणीला आलेला साहेब म्हणतो, वा, काय माल आहे, जरासुद्धा झिजला नाही. आम्ही कपाळाला हात लावला. खाली बघतो तर पोलादाची चाळण. बोट जाईल एवढी भोकं. रंगाखाली गुदमरून ती नुसती बसून राहिली होती आणि धाकट्यांची वाट लागली होती.’’

‘‘हा शब्द आला कुठून?’’

‘‘आमचा एक जुना फिटर होता. चार वर्षं झाली निवृत्त होऊन. बोल्ट आवळायच्या आधी पान्याने टकटक करून कान लावायचा.’’ चिमाची पेन्सिल थांबली. ‘‘मी नवा होतो तेव्हा. विचारलं, ही वडी कशाला? तर म्हणाला, आमच्या घरी एक थोरली बहीण आहे. घरावर जे काय चालून यायचं, ते आधी तिच्यावर यायचं. आम्ही पाच भावंडं अजून गंजलो नाही ते तिच्यामुळे. ही वडी म्हणजे जहाजाची थोरली. झालं, तेव्हापासून सगळी गोदी थोरलीच म्हणते. दुसऱ्या पाळीचे लोकही म्हणतात, त्यांनी तर त्याला पाहिलेलंही नाही.’’

चिमा कोरडेपणानेच म्हणाली, ‘‘ते माझे बाबा.’’

भोंग्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. ‘‘मग थोरली कशी आहे? बरी आहे ना? आम्ही कधी पाहिली नाही हो तिला. पण दिवसातून दहादा नाव घेतो.’’

त्याने चिठ्ठीवर सही केली. एवढं झाल्यावर खरं तर काम संपलं होतं. पण चिठ्ठीवर एक रकाना होता, ‘शब्दाचा उगम, माहीत असल्यास’. तो कोरा सोडला तर कुणी विचारणार नव्हतं, आणि भरला तर नाना ‘घरचा, घरचा’ म्हणून ती चिठ्ठी बाद करायला टपलेलेच होते. चिमाने गोदीच्या फाटकाशी उभं राहून पाच मिनिटं विचार केला. माहीत तर होतं. मग तिने लिहिलं: ‘नोंदकर्तीचे वडील.’ आकडा आवडला नाही म्हणून तो वहीतून खोडायचा नसतो, एवढं तरी ती रसायनशास्त्राच्या तीन वर्षांत शिकली होती.

खरी कसोटी घरी होती. ज्या बाईला ‘त्याग’ म्हटलेलं खपत नाही, तिच्या नावाने सगळी गोदी एका झिजणाऱ्या वडीला हाक मारते, हे तिला सांगायचं कसं? आणि न सांगता छापायचं कसं? जेवणं झाल्यावर चिमाने चिठ्ठी टेबलावर ठेवली. बाबा उठून चालले होते.

‘‘बस खाली,’’ आत्या म्हणाली. बाबा बसले. वय वर्षं बासष्ट, पण चेहरा काच फोडलेल्या पोरासारखा.

आत्याने चिठ्ठी वाचली. मग चष्मा पुसून पुन्हा वाचली. ‘‘म्हणजे मी जस्ताची वडी?’’

‘‘ताई, तसं नाही...’’

‘‘तू गप्प बस. तू अठ्ठावीस वर्षं गावभर सांगत होतास आणि घरात तोंड शिवून. चिमणे, तू सांग. झिजल्यावर काय करतात त्या वडीचं? फेकून देतात?’’

‘‘काढून वजन करतात,’’ चिमा म्हणाली. आत्याशी सांभाळून बोलण्यात अर्थ नसतो, म्हणून तिने होतं तसंच सांगितलं. ‘‘बसवताना किती होती, काढताना किती राहिली, ते जहाजाच्या कागदांत लिहितात. निम्म्याहून जास्त झिजली असेल तर काम चोख झालं. अजिबात झिजली नसेल तर चौकशी बसते.’’

‘‘कुणाची? तिची?’’

‘‘ज्याने बसवली त्याची. जोडच नीट बसला नसेल, नाही तर कुणी रंग फासला असेल.’’

आत्या बराच वेळ चिठ्ठीच्या कडा बोटांनी सारख्या करत राहिली. कपडे पिळून पिळून तिच्या बोटांची पेरं जाड झाली होती. ‘‘लिहून ठेवतात होय,’’ ती म्हणाली. ‘‘वजन करून. मग बरोबर आहे. त्या काकूसारखं नुसतं च्‌ च्‌ करत नाहीत ना?’’ तिने हात पुढे केला. ‘‘पेन दे.’’

‘‘आत्या, घरची साक्ष चालत नाही.’’

‘‘साक्षीदार कोण होतंय? मी तर ती वस्तू आहे.’’ आणि चिठ्ठीच्या पाठीवर तिने ठसठशीत अक्षरांत लिहिलं: ‘थोरली. प्रमुख, धुलाईघर (निवृत्त). हरकत नाही.’ खाली सही. मग भावाकडे वळून म्हणाली, ‘‘पाच भावंडं गंजली नाहीत म्हणे. तुझ्या गुडघ्यांचं काय?’’ बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला, आणि डोळे पुसायला तेवढं निमित्त मिळालं.

गुरुवारी बैठकीत चिमाने नोंद वाचली. पाच अर्थ सरळ पार पडले. सहाव्याला नानांनी चिठ्ठी मागून घेतली आणि उगमाच्या रकान्यावर बोट ठेवलं.

‘‘घरचं! नियम म्हणजे नियम.’’

‘‘साक्षीदार मुकादम आहे, नाना. वडील नाहीत.’’

‘‘पण शब्द त्यांचा. उद्या मी माझ्या मुलाला एखादा शब्द शिकवीन आणि शेजाऱ्याची सही आणीन.’’

नानांचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, आणि चिमाला ते पटत होतं हीच पंचाईत होती. तिने नीट विचार करून म्हटलं, ‘‘मग तपासून बघू या. शब्द फक्त आमच्या घरचा असेल, तर दुसऱ्या पाळीत तो सापडणार नाही. तिथे बाबांना कुणी ओळखत नाही, मलाही नाही. सापडला नाही तर मी सहावा अर्थ स्वतःच्या हाताने खोडते. अक्षरंही नकोत.’’

मुख्य संपादकांनी फोन ओढला, गोदीचा नंबर फिरवला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असं केलं. दुसरी पाळी नुकतीच लागली होती. कुणीतरी फोन उचलला. मागे हातोड्यांचा ठणठणाट.

‘‘जहाजाच्या तळाला गंज लागू नये म्हणून जी वडी बसवतात,’’ संपादक म्हणाले, ‘‘तिच्याबद्दल विचारायचं होतं.’’ आणि ते गप्प राहिले. त्यांचाही नियम तोच.

‘‘जस्त?’’ पलीकडून आवाज आला. चिमाने टेबलाखाली मुठी आवळल्या. बाहेरच्यांसमोर ते जस्तच म्हणणार, हे तिच्या ध्यानात आता आलं, आणि सांगायची सोय नव्हती. संपादक गप्प. नानांनी चष्मा काढला. ‘‘हॅलो? जस्त हवंय का तुम्हाला?’’ आणि मग फोन अर्धवट बाजूला धरून तो माणूस ओरडला, ‘‘अरे, कुणाचा तरी फोन आहे रे! थोरल्या किती शिल्लक आहेत बघ. परवाच्या चार थोरल्या गेल्या का?’’

नानांनीच टेबलावर थाप मारली. ‘‘घ्या छापून,’’ ते म्हणाले. ‘‘माझ्या ‘त्यागा’ला साठ वर्षांत असा साक्षीदार मिळाला नाही.’’ त्यांनी चिठ्ठी उलटी केली, पाठीवरची सही वाचली आणि ती शेजाऱ्याकडे सरकवली. चिठ्ठी टेबलाभोवती अख्खी फिरून आली. संपादकांनी तिची वेगळी फाइल उघडायला सांगितली.

छापील नमुना आठवड्याने हातात आला. आत्या तेव्हा आरशासमोर केसांना कलप लावत होती, गळ्याभोवती जुना टॉवेल. चिमाने कागद तिच्यापुढे धरला. सहावा अर्थ, वडीचं साधं वर्णन, मग शब्द ‘थोरली’, आणि त्यापुढे साक्षीचं वाक्य: ‘थोरलीला रंग लावू नको.’

बाबा दारात उभे राहून म्हणाले, ‘‘ताई, वाचलंस ना? आता तर छापून आलंय.’’

आत्याने कलपाचा ब्रश त्यांच्यावर उगारला. मग हात पुसले, चष्मा लावला. ‘‘आणि ही खाली बारीक दोन अक्षरं कसली?’’

‘‘माझी,’’ चिमा म्हणाली.

आत्याने तिच्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि उठून खिडकी सताड उघडली. पलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. मग आत्याने घसा साफ केला आणि पहिल्या अर्थापासून शेवटच्या दोन अक्षरांपर्यंत ती नोंद मोठ्याने वाचायला घेतली.